आधीच्या हातांची दुरुस्ती

जुना पितळी स्टोव्ह म्हातारपणाने क्वचितच मरतो. बहुतेक वेळा त्याला दुरुस्ती मारते. कुणीतरी पकडीने पिळून बसवलेला बर्नर, शिवणाच्या सुईने रुंदावून ठेवलेलं निपलचं, म्हणजे वाफ बाहेर सोडणाऱ्या इवल्या तोटीचं भोक, गळणाऱ्या सांध्यावर थापलेला चकचकीत चिकटद्रव्याचा थर, आणि या सगळ्यावर आरशासारखी घासून काढलेली झळाळी. डबीत घडी करून मावणारे, डोंगरात पाठीवरून न्यायला बनवलेले रॉकेलचे छोटे स्टोव्ह मी हौसेने उघडतो, साफ करतो, पेटवतो. त्यातलं निम्मं काम तरी यंत्राच्या बिघाडाशी झुंजण्याचं नसतंच. आधीच्या मालकांनी केलेले इलाज उलटे फिरवत जायचं असतं.

सध्या समोर आहे तो पाइंटभर रॉकेल मावणारा, स्वीडिश घडणीचा, तीन सुटे पाय आणि सुटा बर्नर असलेला स्टोव्ह. विकणाऱ्याने ‘चालू स्थितीत’ म्हणून दिला आणि त्यात खोटं काही नव्हतं. दोन-चार पंप मारले की तो गुमान निळा जळायचा. खरंखुरं काम करायला लावावं म्हणून दाब वाढवला की ज्योत पिवळी व्हायची, धापा टाकायची, मध्येच भडका उडवायची. थोड्या दाबावर शहाणा आणि जास्त दाबावर वेडा, हे लक्षण लक्षात ठेवा. त्याचं उत्तर पुढे येतंच.

या स्टोव्हची मूळ कल्पना इतकी सरळ आहे की त्यात बिघडायला फारसं काही नाही. १८९२ साली स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह बनवला, तोच प्रायमस. त्याच देशात दहा वर्षं आधी कार्ल रिचर्ड न्युबर्गने ब्लोलॅम्प, म्हणजे जोराची ज्योत फेकणारा हातातला दिवा, आणला होता, आणि दोन्हींमागचं तत्त्व एकच: द्रव जाळायचा नाही, आधी त्याची वाफ करायची. वातीवर रॉकेल पिवळं जळतं, कारण अर्धवट जळलेले कार्बनचे कण ज्योतीत तापून चमकतात, आणि तेच पुढे भांड्याच्या बुडाला काजळी होऊन बसतात. तीच वाफ हवेत आधी नीट मिसळली की ज्योत निळी पडते आणि कितीतरी जास्त तापते. म्हणून टाकीत हवेचा दाब, दाबाने वर चढणारं रॉकेल, ज्योतीनेच तापलेल्या बर्नरच्या नळ्यांत होणारी त्याची वाफ, आणि केसाएवढ्या भोकातून ती वाफ सुसाट बाहेर. जाताना ती आजूबाजूची हवा ओढून घेते, वरच्या तबकडीवर आपटते आणि तो ओळखीचा घरघराट करत जळते. ज्योत कमीजास्त करायला वेगळी झडपसुद्धा नाही. पंप मारला की मोठी, झाकणावरची चावी सैल केली की छोटी, पूर्ण उघडली की विझली.

हा सरळपणा किती टिकाऊ असतो याचा एक दाखला मला फार आवडतो. १८९७ साली सालोमन आंद्रे हा स्वीडिश अभियंता दोन सोबत्यांसह हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाला. तिघांपैकी कुणीच परतलं नाही. १९३० साली आर्क्टिकमधल्या क्विटोया बेटावर बर्फात त्यांचा शेवटचा तळ सापडला. सामानात प्रायमस होता, त्यात रॉकेल शिल्लक होतं आणि स्टोव्ह चालू स्थितीत होता. तेहतीस वर्षांत त्याला कुणी ‘नीट’ करायला गेलं नव्हतं, हेही त्याच्या पथ्यावर पडलं असणार.

बिघाड शोधताना माझा एकच हट्ट असतो. दोष ज्योतीत दिसतो, म्हणून सुरुवात बर्नरपासून करायची नाही. हवा, इंधन, उष्णता या क्रमाने स्टोव्ह चालतो, त्याच क्रमाने तपासायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन वायसर, निपल आणि पंपाचं चामडं एकदम बदलून स्टोव्ह सुरळीत चालला, तरी बिघडलं काय होतं ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा सगळंच बदलावं लागतं.

पंप तर बोलका असतो, नुसतं ऐकायला हवं. झाकण बंद असताना दांडा काहीच अडथळा न होता खाली गेला, तर दट्ट्याचं चामडं गेलेलं असतं. अडथळा लागला, पण हात काढल्यावर दांडा हळूहळू आपोआप वर यायला लागला, तर नळीच्या तळाशी असलेली एकदिशा झडप दाब परत सोडते आहे. आणि दाब नीट भरला, दांडाही जागच्या जागी राहिला, पण थोड्या वेळाने चावी उघडल्यावर फुस्स आवाजच आला नाही, तर गळती झाकणाची, नाहीतर एखाद्या सांध्याची. रॉकेल न भरता, बर्नर काढून त्याच्या नळीचं तोंड पक्कं बंद करायचं, हलका दाब द्यायचा आणि टाकी पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहायचं. याहून भरवशाची तपासणी मला माहीत नाही.

माझ्या स्टोव्हच्या पंपात चामडं नव्हतंच. त्याजागी प्लास्टिकचा वाटीच्या आकाराचा वायसर होता, आणि तोही उलटा. या वाटीचं तोंड टाकीकडे हवं. दांडा दाबला की हवेच्या जोराने वाटीची कड फुलते, नळीच्या भिंतीला चिकटते आणि हवा खाली ढकलली जाते. दांडा वर ओढताना तीच कड ढिली पडते, बाजूने ताजी हवा आत येते. उलट्या वाटीत दाबताना हवा कडेने वर निसटते. तरीही थोडीफार हवा जायची, कारण प्लास्टिक नळीत घट्ट बसलं होतं. एवढ्यावर कुणीतरी वर्षानुवर्षं हात दुखवत पंप मारला असेल! नवं चामडं बसवण्याआधी ते तेलात चांगलं मुरू द्यावं लागतं. तेल खनिज असावं किंवा चामड्यासाठीचं. खाद्यतेल काही काळाने चिकट होतं आणि मग दट्ट्या नळीला धरून बसतो. तेल प्यायलेली वाटी बोटांनी जरा फाकवून मग नळीत सरकवायची. जुनं चामडं जागेवर असेल, तर ते फेकण्याची घाई करू नये. सुकून लाकूड झालेली कित्येक चामडी नुसत्या तेलाने परत मऊ होतात.

झडपेची गोष्ट वेगळी. तिथे संयमाची परीक्षा असते. पंपाच्या नळीच्या अगदी बुडाशी, हात पोचणार नाही अशा जागी, शिशाच्या बारीक वायसरवर ती आवळलेली असते. आत एक स्प्रिंग आणि रबराची किंवा बुचाची गोळी, एवढाच तिचा संसार. काढायला लांब दांड्याची, तिच्या खाचेत नेमकी बसणारी चावी लागते. अनेक वर्षं न हललेली झडप पहिल्या झटक्यात सुटत नाही, आणि दुसरा झटका जोरात मारावासा वाटतो. तो मारायचा नाही. पंपाची नळी पातळ पितळेची असते आणि टाकीला डाखाने जोडलेली असते. पीळ दिल्यावर आत फिरली ती झडप की नळी, हे बाहेरून कळत नाही. कळतं तेव्हा टाकी गेलेली असते. मी तिथे गंजतेल सोडतो, टाकीत कढत पाणी भरून धातू पसरू देतो, गार होऊ देतो, परत तेल सोडतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. जी झडप आज हलत नाही ती चार दिवसांनी पुष्कळदा मुकाट्याने सुटते. गोळीच्या जागी नायट्राइल किंवा व्हायटॉन या कृत्रिम रबराचा कापलेला तुकडा बसवला की झालं. हे काम टाळू मात्र नये. ही झडप जळत्या स्टोव्हात गळायला लागली, तर दाबाखालचं रॉकेल पंपाच्या नळीत चढतं, दांड्याशेजारून बाहेर झिरपतं, आणि ज्योत तिथून वीतभर अंतरावर असते.

झाकणातला रबरी वायसर दगड झाला होता. तो बदलणं सोपं, फक्त इथे आधीच्या हातांचा लाडका उपाय म्हणजे सायकलच्या ट्यूबचा तुकडा. ते रबर रॉकेलात फुगतं आणि भुसभुशीत होतं. पहिल्या सहलीत छान चालतं, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो.

आता निपल. या सगळ्या यंत्रातला जीव म्हणावा असा हा कण आहे. रॉकेलच्या या घरघरणाऱ्या बर्नरांत भोक साधारण ०.३२ मिलिमीटरचं असतं. ते बुजतं कार्बनने, आणि मोकळं करायला पत्र्याच्या पट्टीला बारीक तार जोडलेली पिन मिळते. ती तार भोकाहून बारीक असते, एकसारख्या जाडीची असते आणि वाकायला तयार असते. शिवणाची सुई यातलं काहीच नसते. ती जाड, कडक पोलादाची आणि निमुळती, म्हणजे पितळेत पाचर ठोकल्यासारखी. एकदा घुसवली की भोक बुजलेलं तर मोकळं होतंच, शिवाय मोठंही होतं, आणि करणाऱ्याला वाटतं, काय झकास साफ झालं! हिशेब करून पाहा. ०.३२ चं भोक ०.३८ झालं, म्हणजे व्यासात फरक सहा शतांश मिलिमीटरचा, डोळ्याला न दिसणारा. क्षेत्रफळ मात्र व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे सुमारे ४१ टक्क्यांनी. तेवढी जास्तीची वाफ बाहेर येते, पण तिच्यात मिसळायला हवा तेवढ्या प्रमाणात ओढली जात नाही. शिवाय बर्नरच्या नळ्या तितक्या वेगाने रॉकेलची वाफ करू शकत नाहीत, मग मधूनच न वाफावलेले थेंब निसटतात. पिवळी ज्योत, धापा, भडका.

आणि कमी दाबावर ही चोरी दिसत नाही, कारण दाबच कमी म्हटल्यावर मोठ्या भोकातूनही वाफ बेताचीच येते. स्टोव्ह थोड्या दाबावर शहाणा होता तो यामुळे. विकणाऱ्याने दाखवला तोही बहुधा त्याच दाबावर. भोक लहान करण्याचे प्रकार लोक करतात, निपलचं तोंड हलकेच ठोकून वगैरे. मी त्यात पडत नाही. नवं निपल घालावं, सुट्या भागांत ही एकच वस्तू अशी आहे की तिथे काटकसर फळत नाही.

बर्नर टाकीला जोडलेला होता तो शिशाच्या एकावर एक ठेवलेल्या दोन वायसरांवर. याचीही कथा सांधता येते. घडीच्या स्टोव्हचा बर्नर दर प्रवासात काढायचा आणि घालायचा असतो. शिसं मऊ, ते दाबलं की पसरून फटी भरतं, त्यामुळे बेताने आवळलं तरी पुरतं. पण जरा गळल्यासारखं वाटलं की माणूस आणखी आवळतो, शिसं आणखी पातळ होतं, मग पान्हा येतो, मग पकड येते, बर्नरच्या षटकोनी कडा गोल होतात, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, एक वायसर अजून टाका. मी दोन्ही काढले, दोन्ही बाजूंच्या बैठका कापडाने स्वच्छ पुसल्या आणि नवा एकच वायसर घातला. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, हेही सांगून ठेवतो. आणि जुन्या स्टोव्हांमध्ये कुठे करड्या-पांढऱ्या तंतूंचं भरण किंवा पुठ्ठ्यासारखी चकती दिसली, तर ती कोरडी खरवडू नये. ती ॲस्बेस्टॉसची असू शकते.

बर्नरच्या नळ्यांत कार्बन साचतो तो वेगळा. तिथे पिन पोचत नाही. सायकलच्या ब्रेकच्या तारेतला एक पदर घेऊन तो वळणांतून फिरवत, खरडत, फुंकर मारत बसावं लागतं. बाहेर पडणारी काळी भुकटी पाहून एक विचित्र समाधान मिळतं. बर्नर लालबुंद करून थंड पाण्यात टाकण्याची पद्धतही जुनी आहे, त्याने कार्बन तडकून सुटतो. पण त्या झटक्याने जुना सांधाही तडकू शकतो, म्हणून मी ती शेवटच्या उपायांत ठेवली आहे.

टाकीच्या बुडाच्या सांध्यावर चिकटद्रव्य थापलेलं होतं. ते खरवडून काढायला एक संध्याकाळ गेली आणि खाली सापडली ती केसाएवढी फट, डाखाच्या एका ठिपक्यात मिटणारी. चिकटद्रव्याने फट बुजली नव्हती, झाकली गेली होती. वर त्याचा अंश राहिला तर डाख धरत नाही, म्हणजे खरा इलाज आणखी अवघड करून ठेवायचा. कथील-शिशाचा नेहमीचा डाख १८३ अंश सेल्सियसला वितळायला लागतो, त्यामुळे उष्णता बेताची आणि एकाच जागी द्यायची, शेजारचा सांधा सुटेल इतकी नाही. त्याआधी टाकी रिकामी करून, धुऊन, वाऱ्यावर सुकवून, शक्य तितकी पाण्याने भरायची. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत रॉकेलची वाफ उरलेली असते. तिला ज्योत दाखवणं हा या छंदातला सगळ्यात महाग प्रयोग.

हाच १८३ अंशांचा आकडा वापरतानाही लक्षात ठेवावा. वाऱ्यासाठी स्टोव्हभोवती पत्र्याचा आडोसा अगदी घट्ट लावला, की उष्णता खाली टाकीवर परतते आणि डाख तर डाख, आतला दाबही आपल्या हातात राहत नाही. रॉकेलच्या स्टोव्हात पेट्रोल कधीच घालू नये, तेही याच कारणाने. पेट्रोलवर चालणारे, पंप नसलेले छोटे स्टोव्ह वेगळे असतात. १९५५ पासूनचा स्वेआ १२३ घ्या: तो टाकीच्या उष्णतेनेच दाब तयार करतो, म्हणून त्याच्या झाकणात दाब सोडणारी सुरक्षा झडप असते. तिचं रबर कडक झालं असेल तर ती नको तेव्हा उघडते किंवा हवी तेव्हा उघडत नाही, आणि बाहेर पडणारी वाफ पेट घेते. असा स्टोव्ह हाती आला तर आधी झाकण, मग बाकी सगळं.

झळाळीबद्दल माझं मत लोकांना रुचत नाही. पॉलिशने पितळ झिजतं, आणि सगळ्यात आधी झिजतात ती कारखान्याची उठवलेली अक्षरं. प्रायमसने १९११ पासून वर्षासाठी इंग्रजी अक्षरं वापरली, ए म्हणजे १९११. ते अक्षर घासून पुसलं की स्टोव्हचं वय गेलं. सायट्रिक ॲसिडमध्ये जास्त वेळ बुडवला तर पितळ तांबूस पडतं. अमोनिया असलेली पॉलिशं तर मी लांबच ठेवतो. ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनिया भेगा पाडतो. ब्रिटिश फौजेची भारतातली काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असत आणि नंतर त्यांच्या पितळी कवचांना भेगा पडलेल्या आढळत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि धातू ओढताना त्यात राहिलेला ताण, असा त्याचा उलगडा १९२१ साली झाला. स्टोव्हची टाकीही दाबून, ओढूनच घडवलेली असते. तेव्हा कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश आणि थोडं तेलाचं फडकं, एवढ्यावर मी थांबतो. माझ्या टाकीवर एक पोचा आहे. सांध्यापासून दूर आहे, धारेचा नाही, गळत नाही. तो काढायला टाकी कापावी किंवा डाखावी लागेल. राहू दे.

पेटवताना मोकळी जागा, सपाट जमीन, आणि शेजारी ओलं जाड कापड. चावी उघडी ठेवून बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट घालायचं, किंवा स्पिरिटात भिजवलेला काकडा बर्नरच्या गळ्याला लावायचा, आणि ते जवळजवळ संपेपर्यंत वाट पाहायची. इथे घाई केली की थंड नळ्यांतून द्रव रॉकेल वर येतं आणि भडका होतो. स्पिरिट विझायला आलं की चावी बंद करायची आणि हलके दोन-तीन पंप. भडका झालाच तर घाबरून फुंकायचं नाही, चावी उघडायची. दाब गेला की आग बसते. बंद तंबूत पेटवायचा नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गरम स्टोव्हात रॉकेल भरायचं नाही.

नव्या निपलवर तो पेटला तेव्हा आवाज आधीपेक्षा बारीक आणि एकसुरी होता. दाब वाढवत गेलो तसा वाढत गेला, पण रंग निळाच राहिला. कुणी विचारतात की गॅसच्या चिमुकल्या स्टोव्हच्या काळात एवढा खटाटोप कशाला. एक उत्तर व्यवहारी आहे: त्यांतला ब्युटेन वायू शून्याच्या जरा खालीच, उणे अर्ध्या अंशाला द्रव व्हायला लागतो, मग कडक थंडीत त्याचा डबा भरलेला असूनही गप्प बसतो. रॉकेलला पंप मारणारा हात असला की पुरतं. पण खरं सांगायचं तर थंडीत जाण्यासाठी मी हे करत नाही. मला झडपा उघडायला आवडतात.

ठेवून देताना टाकी रिकामी करतो, कारण पडून राहिलेलं रॉकेल चिकट साका धरतं. झाकण घट्ट आवळून ठेवत नाही, वायसरला त्या दाबाचा आकार कायमचा बसतो. दांडा आत ढकललेला, चामड्यावर तेलाचे दोन थेंब, बर्नर सुटा करून कापडात. डबीत एक चिठ्ठी ठेवतो: निपल नवं, शिशाचा वायसर एकच, झडपेत व्हायटॉन, बुडाच्या सांध्याला एका जागी डाख, पोचा मुद्दाम तसाच. पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला निदान कुठे हात लावायची गरज नाही एवढं तरी कळावं.